शेऱ्याचा रकाना

आमच्या घरात खिळ्याला दोन वह्या टांगलेल्या असतात. एक दुधाची: सकाळ-संध्याकाळ किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, भाव काय लागला. दुसरी पाखरांची. तिचे रकाने मी दुधाच्या वहीवर बघूनच आखले, कारण वही आखायची म्हटली की हाताला तेवढंच वळण होतं. तारीख, वेळ, पाखरू, संख्या आणि शेवटी शेरा. दुधाच्या वहीत शेऱ्याचा रकाना बहुतेक कोराच राहतो. फार तर 'तांबडी आटली' नाहीतर 'पेंड बदलली'. पाखरांच्या वहीत मात्र तोच रकाना रुंद होत गेला आणि आता निम्मं पान खातो.

आमची वस्ती पुणतांब्याच्या शिवारात, गावापासून थोडी बाजूला. गाव राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. वारकऱ्यांना ते चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक, रेल्वेने शिर्डीला जाणाऱ्यांना जंक्शन म्हणून ठाऊक, आणि २०१७ च्या १ जूनपासून साऱ्या महाराष्ट्राला शेतकरी संपाचं गाव म्हणून. पाखरांसाठी पुणतांब्याचं नाव कोणी घेत नाही आणि घ्यावं असं काही खास इथे नाहीही. घरापुढे अंगण, अंगणाला लागून गोठा, गोठ्यामागे उकिरडा. कडेला एक मोठा कडुलिंब, दोन शेवगे, सीताफळ, जास्वंद, कढीपत्ता आणि कोणी न लावलेली बोर. त्याच्यापलीकडे पेरूची बाग, मग उसाचं वावर, मग चारी. बाग म्हणून दाखवावं असं शोभेचं काही नाही. पण शेण, भरडा, किडे, फळं, सावली आणि पाण्याची टाकी एवढं एका जागी असलं की पाखरांना आणखी काय लागतं?

मोजायचं खूळ घरात आणलं माझ्या पुतणीने. ती पुण्याला कृषी महाविद्यालयात शिकते. एका फेब्रुवारीत घरी आली आणि सकाळी गोठ्याच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसली. आम्हाला वाटलं रील बघतेय. तर म्हणाली, "काकू, पंधरा मिनिटं मला हाक मारू नका, मी मोजतेय." मग चहा पिताना तिने सांगितलं ते असं. फेब्रुवारीतले चार दिवस जगभरची माणसं आपापल्या अंगणातली, गच्चीवरची, शाळेच्या आवारातली पाखरं मोजतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असं त्याचं नाव. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन संस्था यांनी १९९८ मध्ये ते सुरू केलं. २०१३ पासून ते जगभर झालं आणि त्याच वर्षी भारतातही आलं. नियम साधे आहेत. निदान पंधरा मिनिटं मोजायचं. दिसलेली आणि नुसती ऐकू आलेली, ओळखू आलेली सगळी पाखरं लिहायची, प्रत्येकाची संख्या लिहायची आणि यादी 'ईबर्ड'वर चढवायची. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकून द्यायचं नाही.

त्यातलं 'सगळी' मला पटलं. आमच्या वरच्या अंगाला, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, ब्रिटिश काळातला. त्याच्या फुगवट्यात गाळ साचत गेला, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात हजारो बदकं उतरू लागली. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव लागलं. त्याच बंधाऱ्यातून गोदावरीचा उजवा कालवा निघतो आणि कोपरगाव-राहात्याकडे येत येत त्याचं उरलंसुरलं पाणी आमच्या चारीला लागतं. म्हणजे पाणी एकच. तिथल्या बदकांना बघायला नाशिक-पुण्याहून गाड्या भरून येतात, आणि इथल्या साळुंक्यांना बघायला मी. पण मोजणीच्या यादीत साळुंकीची ओळ बदकाच्या ओळीएवढीच लांब.

मोजायला बसलं की पहिली पंचाईत साळुंकीच करते. ती उकिरड्यावरून उठते, कडुलिंबावर जाते, गोठ्याच्या पत्र्यावर चालते आणि परत उकिरड्यावर येते. येईल तशी मोजत गेलं तर चार साळुंक्यांच्या वीस होतात. म्हणून एका जागी बसणाऱ्याने एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या तोच आकडा धरायचा. दोन, मग चार, मग तीन दिसल्या तर चार. आकडा थोडा कमी भरला तर भरू दे, फुगवलेला नको. ज्याच्या दुधात रोज कोणीतरी लॅक्टोमीटर बुडवतं, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी पंचाईत आवाजांची होती. ती सासूबाईंनी सोडवली. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं त्या या ना त्या सणावर ढकलतात. दहा हातांवरचा बगळा त्यांना पांढरं फडकं वाटतो. पण कान असे की रस्त्यावरून कोणाची मोटारसायकल गेली ते अंथरुणातून सांगतील. धारा काढायच्या वेळी, अजून उजाडायचं असताना, मी गोठ्यात आणि त्या ओट्यावर तंबाखूची मशेरी लावत. कडुलिंबावरून शीळ आली. मी म्हटलं, दयाळ, एक.

"एक कसा? पलीकडून जाब आला न्हाई का? शेवग्यावरनं. दोन लिही."

मी गाईच्या पोटाला कपाळ टेकवून ऐकलं. कडुलिंबावरचा गायचा, थांबायचा, आणि तो थांबला की शेवग्यावरून दुसरी शीळ, थोडी आखूड, शेवटाला चढी. पहिला पुन्हा सुरू झाला की दुसरा गप्प. बादलीत धारेचा आवाज होता तोवर मला एकच ऐकू येत होता, हात थांबला तेव्हा दोन झाले. तेव्हापासून पहाटेची यादी सासूबाईंच्या तोंडची आणि माझ्या हातची. होला, टिटवी, सातभाई, भारद्वाज. त्याला त्या कुंभारकावळाच म्हणतात. वटवट्या त्यांना नावाने माहीत नव्हता, पण "ते घासातलं करकर करणारं" म्हणून पक्का माहीत होता. पिंगळा बोलला की मात्र त्या आधी देवाचं नाव घेतात आणि मग "लिही, एक जोडी" म्हणतात. शकुन-अपशकुन त्यांच्यापाशी, संख्या वहीपाशी. दोघींचं बिनबोभाट जमतं.

आता शेऱ्याकडे येते.

पहिल्या फेब्रुवारीत आमच्या यादीत गायबगळे तीन होते. दुसऱ्या वर्षी सेहेचाळीस. तिसऱ्या वर्षी पाच. नुसते आकडे कोणाच्या हाती पडले तर तो म्हणेल, पुणतांब्यात गायबगळे एकदम वाढले आणि मग काहीतरी साथ येऊन गेले. तसलं काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मोजणीच्या दिवशी कालव्याचं आवर्तन सुरू होतं आणि शेजारच्या गव्हात दारं धरली होती.

ज्याने दारं धरली नसतील त्याला हे सांगावं लागेल. चारीचं पाणी पाटाने येतं आणि फावड्याने माती ओढून एकेका वाफ्यात सोडावं लागतं. पाणी वाफ्यात एकदम भरत नाही. कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर त्याची कड पुढे सरकते, भेगेत उतरते, बुडबुडे येतात, पुन्हा पुढे सरकते. त्या कडेच्या वीतभर पुढे जमिनीतलं सगळं जित्राब बाहेर पडायला लागतं: रातकिडे, मुंग्या आपली अंडी घेऊन, भुंगेरे, गोम, गांडुळं. गायबगळे अगदी त्या कडेवर चालतात, पाणी एक पाऊल सरकलं की तेही एक पाऊल. त्यांच्या मागे, पाणी मुरलेल्या चिखलात, साळुंक्या. ओल्या बांधावर परीट शेपटी खालीवर करत. कोतवाल शेवग्याच्या फांदीवर नाहीतर तारेवर. उडालेला किडा तो हवेतच घेतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. वंचक कुठे उभा आहे ते तो उडेपर्यंत कळत नाही. दुपारनंतर काळे शराटी येतात, मोठ्याने ओरडत, आणि आपली वाकडी लांब चोच चिखलात खुपसून घरच्यासारखे फिरतात. दारं धरणाऱ्याला या कोणाचं भय वाटत नाही, कारण तो वाकलेला असतो. वाकलेल्या माणसाला पाखरं घाबरत नाहीत, हे माझं निरीक्षण आहे. सरळ उभं राहून हात वर केला की सगळा थवा उठतो.

तिसऱ्या वर्षी गव्हाच्या त्या वावरात ऊस होता आणि उसाला ठिबक. नळीतून थेंब थेंब पाणी मुळाशी जातं, कड सरकत नाही, भेगा भरत नाहीत, किडे वर येत नाहीत. बगळ्यांना तिथे काय काम? आम्हीही आमच्या उसाला ठिबक केलंय. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. कालव्याच्या शेवटाला शेती असणाऱ्याने तर म्हणूच नये. आवर्तन वेळेवर सुटेल की नाही आणि सुटलं तर टेलपर्यंत पोचेल की नाही, या काळजीत इथल्या पिढ्या गेल्या. पण वहीत मात्र लिहावं लागतं: 'मोकाट पाणी नाही, ठिबक'. ते लिहिलं नाही तर पाच या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

हे कळल्यावर मी फेब्रुवारीवर थांबले नाही. महिन्यातून दोनेकदा, सकाळी डेअरीची गाडी गेली की, त्याच ओट्यावर बसते. एकदा मोजणीच्या दिवशी पलीकडे ऊसतोड चालू होती. घारी आणि कोतवाल सगळे तिकडे. शेरा. एकदा गोठ्यात जंतनाशक दिल्यावर उकिरड्यावरच्या साळुंक्या कमी वाटल्या. त्याचा याच्याशी काही संबंध आहे की नाही ते सांगता येत नाही, पण शेरा लिहिला. भाद्रपदाच्या वद्य पक्षात अंगणात कावळे मोजायला बसले तर एकच. म्हटलं, सर्वपित्रीच्या तोंडावर कावळे गेले कुठे? सासूबाई म्हणाल्या, "गावात. घाटावर. जिकडं ताटं जास्त तिकडं त्ये." वर्षभर कावळ्याला दगड भिरकावणारं गाव त्या पंधरवड्यात घास ठेवून त्याच्या पाया पडतं, आणि कावळा आमच्या वस्तीवर कशाला थांबेल? शेरा: पितृपक्ष.

थंडीत येणाऱ्या पाहुण्यांमध्ये थिरथिरा मला सगळ्यात जवळचा. नर काळा, पोट आणि शेपटी विटकरी. गोठ्याच्या भिंतीवर बसतो आणि शेपटी अशी थरथरवतो की त्यालाच हीव भरलंय असं वाटावं. दिवाळीच्या मागेपुढे येतो आणि उन्हं तापली की हिमालयाकडे, त्याच्याही पलीकडे निघून जातो. दरवर्षी एकच असतो. तोच असतो का, हे पायात कडी घातल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून वहीत फक्त 'एक'.

भोरड्यांचं मोजणं वेगळं. त्या मध्य आशियातून येतात आणि एक-दोन कधी नसतात. जाड्याभरड्या आवाजाचा कल्लोळ करत शेकड्यांनी बाभळीवर उतरतात. तिथे एकेक मोजत बसलं तर थवा उडून जातो. आधी डोळ्यांनी दहा पाखरं मोजायची, ती केवढी जागा घेतात ते बघायचं आणि तसले किती तुकडे थव्यात बसतात ते मोजायचं. आमच्या लहानपणी भोरड्या आल्या की घरोघर गोफणी निघायच्या, कारण शिवारात रब्बी ज्वारी असायची. माळ्यावर उभं राहून पोरं दिवसभर हाकारे घालायची. आता ऊस, सोयाबीन, मका, कांदा, गहू. ज्वारी असलीच तर कडब्यापुरती. भोरड्या अजून येतात, पण थवा आमच्या शिवारावर थांबत नाही, वरून जातो. गोफण कशी विणतात हे आता घरात फक्त सासऱ्यांना येतं.

पाखरांवर माया असणाऱ्यांनी पेरूच्या बागेबद्दलही ऐकावं. राहात्याचा पेरू नावाजलेला. फळ पिकायला आलं की राघू येतात. राघू पेरू खात नाही, नासवतो: एक चोच मारून टाकतो आणि पुढचा घेतो. 'पाखरांनाही त्यांचा वाटा हवा' असं शहरातून आलेले पाहुणे म्हणतात, तेव्हा मी त्यांच्यापुढे टाकलेल्या फळांची पाटी ठेवते. आम्ही फळांना फोमची जाळी आणि पिशवी घालतो, तरी कडेच्या ओळींवर नायलॉनचं जाळं लागतंच. एकदा त्या जाळ्यात होला अडकला. पंख पसरून उलटा लटकलेला, जाळ्याचा दोरा काखेत रुतलेला आणि मानेभोवती दोन वेढे. मी त्याला मुठीत धरलं आणि शिवणाच्या कात्रीने एकेक दोरा कापला. मुठीतलं धडधडणं इतकं जलद होतं की ठोके वेगळे कळत नव्हते, नुसती थरथर. मानेवरचे तांबूस-काळे ठिपके जवळून पहिल्यांदा नीट पाहिले. लांबून ते नुसता मळ वाटतो. सोडला तर बांधावर बसला, पिसं झाडली आणि चालत चालत झुडपात गेला. ज्या जाळ्याला झोळ असतो त्यातच पाखरं गुंततात हे त्यानंतर ध्यानात आलं. आता आम्ही जाळं चारी बाजूंनी ताणून बांधतो. राघू तरीही कुठून तरी शिरतो, पण होले अडकत नाहीत. राघूंची संख्या मी प्रामाणिकपणे लिहिते. शेऱ्यात काय लिहिते ते इथे नको.

चिमण्यांचा विषय निघाला की गावातल्या पारावर सगळे तज्ज्ञ असतात. 'टॉवर आले आणि चिमण्या गेल्या.' किती होत्या, किती राहिल्या, कोणी विचारत नाही. चांगदेव महाराज चौदाशे वर्षं जगले म्हणतात. त्यांच्या एखाद्या शिष्याने समाधीभोवतालच्या चिमण्या वर्षातून एकदा जरी मोजून ठेवल्या असत्या तरी आज पारावरचं भांडण मिटलं असतं. देशभरातल्या लोकांच्या अशाच नोंदींवरून भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघतो. २०२३ च्या अहवालामागे तीस हजारांवर लोकांच्या तीन कोटी नोंदी होत्या, आणि त्यातून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. त्याआधीच्या, २०२० च्या अहवालाने सांगितलं की चिमण्या मोठ्या शहरांत कमी झाल्या, पण एकंदर देशात त्यांची संख्या टिकून आहे, आणि टॉवरच्या लहरींनी त्या मरतात याचा ठोस पुरावा नाही. मोर वाढले. उलट तारेवर बसणारा चास, ज्याला पुस्तकात नीलपंख म्हणतात, तो कमी होतोय. त्याला मोकळं रान लागतं. आमच्याकडे उसाने रान भरलं तसा तो वहीत क्वचित दिसतो. पण तो पूर्वी किती होता हे मीही सांगू शकत नाही, पूर्वीची वही नाही.

आमच्या अंगणात चिमण्या भरपूर आहेत. सकाळी गव्हाणीत भरडा टाकला की वीस-पंचवीस एका वेळी उतरतात, गाईच्या तोंडाजवळून कण वेचतात आणि तिने फुंकर मारली की उडून पुन्हा येतात. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. त्याची कल्पना नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची, २०१० पासूनची. त्या निमित्ताने धाकट्याने शाळेतून लाकडी घरटं आणलं आणि आम्ही ते मोठ्या कौतुकाने पडवीत टांगलं. चिमण्यांनी ते पाहिलं, वर बसून शिटल्या आणि गोठ्याच्या पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांच्या उघड्या तोंडात घरटी केली. जुन्या धाब्याच्या घरात लगीच्या फटी होत्या, स्लॅबच्या घरात एकही फट नाही. पाइप आहेत ते त्यांनी हेरले. त्या पाइपांची तोंडं बुजवायला वेल्डर आला होता, मी त्याला चहा देऊन परत पाठवला. लाकडी घरट्यात सध्या पाली राहतात.

परवा पुतणीचा फोन होता. यंदाच्या मोजणीच्या तारखा तिने कळवल्या आणि कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना घेऊन येते म्हणाली. त्यांना दुर्बिणीतून शराटी बघायचाय. मी म्हटलं, तो आवर्तनावर आहे. गावात बोलवा आहे की रब्बीचं पाणी त्याच आठवड्यात सुटेल. सुटलं तर खालच्या अंगाच्या हरभऱ्याच्या रिकाम्या रानात दारं धरायची आहेत, मकेसाठी, आणि तिथे अजून ठिबक नाही. गायबगळे पन्नासच्या वर जातील. सासूबाईंना ही बातमी कळल्यापासून त्या मालकांच्या मागे लागल्या आहेत की पाळी सकाळची घ्या, रात्रीची नको, रात्री काय मोजणार. रात्रीची लाईट आणि दिवसाची लाईट यावर पुढचं ठरेल. मी वहीचं नवीन पान आखून ठेवलंय, शेऱ्याला आणखी दोन बोटं जागा वाढवून.